दीपमाळेशेजारची हवा: जालना जिल्ह्यातले चार दिवस

माझा धंदा हवेचा आहे. असं सांगितलं की निम्मे लोक हसतात आणि उरलेले विचारतात, पंख्यांचं दुकान कुठे आहे. म्हणून एकदाच नीट सांगते. शहरात एखाद्या जुन्या, देखण्या इमारतीवर वारसा म्हणून शिक्का बसला की तिच्या मालकाला ती पाडता येत नाही आणि वर मजलेही चढवता येत नाहीत. मग तिच्या डोक्यावर जे मजले होऊ शकले असते, ते सरकार कागदावर लिहून देतं. तो कागद विकता येतो. दुसरीकडचा कोणी बिल्डर तो घेतो आणि आपल्या इमारतीवर तेवढे मजले जास्त चढवतो. एकाच्या डोक्यावरची हवा उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, मध्ये सह्या-शिक्के गोळा करायचे, हे माझं काम. पुण्यात बरेच टॉवर माझ्या हवेवर उभे आहेत. मी राहते तोसुद्धा त्यातलाच.

दिवाळीनंतर माझ्या मामेभावाच्या मुलीचा फोन आला. शीतल आयुर्वेदाची डॉक्टर झाली आहे.

"आत्या, तू मोठमोठ्या बिल्डरला मजले मिळवून देतीस ना? आमाला एकच मिळवून दे."

प्रकरण असं होतं. शीतलला गावातच दवाखाना काढायचा होता. खाली दवाखाना, वर राहायला दोन खोल्या. खाली जागा होती, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळयाही उभ्या होत्या. पण घर मारुतीच्या दीपमाळेला लागून, आणि त्या घराने वर जायचं नाही, असा गावाचा जुना नेम. वरचा मजला झाला नाही तर जालन्याला एका दवाखान्यात नोकरी तयार होती. पंधरा दिवसांत हो की नाही सांगायचं होतं.

"एवढंच ना?" मी म्हणाले. "गावाचा नेम म्हणजे कागद नाही. मी येते." एवढ्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात फार कमी वेळा चुकले आहे.

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून पहाटे साडेपाचची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा आनंद अहिल्यानगरपर्यंत टिकतो, मग कंबर बोलायला लागते. संभाजीनगरला बस अर्धा तास थांबते. तिथल्या भज्यांबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण मला कोणाशी वाकडं घ्यायचं नाही. जालन्याला दुपारी पोचलात की स्टँडबाहेर मोसंबीचा रस प्या, बर्फ नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात मोसंबीचा वास येईल. पुढे अंबडमार्गे घनसावंगीची एसटी आणि तिथून कुंभार पिंपळगावच्या दिशेने जीप. आमचं गाव त्याच रस्त्यावर कुठेतरी उतरून आत आहे. नाव लिहीत नाही, कारण भावाने बजावलंय की लोक बघायला आले तर चहा त्यालाच पाजावा लागेल.

जीपमध्ये मी, माझी बॅग आणि आणखी दहा जण बसलो होतो.

"मॅडम, जरा सरकून घ्या, आजून तिघं येऊन राह्यले," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठे बसणार ते?"

"बसतेत बराबर. तुमी टेन्शन घेऊ नका."

आणि बसले. त्या जीपला जेवढं जादा बांधकाम मंजूर झालं होतं, तेवढं माझ्या कुठल्याच बिल्डरला आजवर मिळालेलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच वेचणीला आलेला कापूस, आणि प्रत्येक गावात गच्चीवर उभ्या सळया. जालन्यात सळई बनते आणि जिल्हाभर गच्च्यांवर उभी राहते. पुढचा मजला कधीतरी होईल म्हणून ठेवलेली. कोणी तिच्या टोकाला बाटली उलटी घातली आहे, कोणी कपडे वाळत टाकलेत. मी तर म्हणते, मराठवाड्याची आकाशरेषा काढायची असेल तर चित्रकाराने सरळ उभ्या रेघा माराव्यात आणि घरी जावं.

माझा मामेभाऊ संतोषदादा, शीतलचा बाप, फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, शेतकरी, बोलायला कमी. घरी मंगलवहिनींनी येसर आमटी आणि गरम भाकरी केली होती. येसर आमटी म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेला पातळ, झणझणीत जाळ. पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला आणखी वाढा म्हणायचं. मी तिसऱ्यावर लगेच पोचले.

जेवण झाल्यावर दीपमाळ बघितली. काळ्या दगडाची, तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर जेवढी होतील तेवढी उंच, दिवे ठेवायला चहूबाजूंनी दगडी हात. जवळ गेल्यावर खोबणींमध्ये पिस्ता रंग दिसला.

"हे काय?"

"पोरांनी जीर्णोद्धार केल्ता," दादा म्हणाला. "ऑइलपेंट मारला. मंग गावानं तीन दिवस घासून काढला. फटीतला निघाला न्हाई."

पुण्यात मी वारसा समितीचे जेवढे अहवाल वाचलेत, त्यात जतनाचं इतकं प्रामाणिक वर्णन कुठेही नाही.

नेम काय आहे ते शीतलने सांगितलं. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटते. सगळ्यात वरचा दिवा लागला, की तो बघूनच गल्लीतली प्रत्येक बाई आपल्या तुळशीत दिवा लावते. आधी नाही. म्हणून वरचा दिवा गल्लीतल्या प्रत्येक घरून दिसलाच पाहिजे. दादाचं घर बरोबर मध्ये येतं, म्हणून ते कायम बुटकं. आणि त्या बदल्यात वरच्या दिव्याचा मान या घराचा. तेलाची पितळी बुधली यांच्याच देवघरात असते, शिडीवर चढून पहिला दिवा यांच्याच घरचा माणूस लावतो.

मी लॅपटॉप उघडला. उपग्रहाचा नकाशा घेतला, घरांच्या उंच्या मोजल्या, रेघा मारल्या. अर्ध्या तासात निकाल तयार. बारा घरांपैकी फक्त तीन घरांना वरचा दिवा झाकला जाणार होता. तीन सह्या, विषय संपला. मी इतकी खूश झाले की वहिनींकडे परत आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गल्ली जमली. मी नकाशा दाखवला, लाल-हिरव्या रेघा समजावल्या. लोकांनी मन लावून ऐकलं. मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या द्वारकाकाकू उठल्या. साठीच्या, कापूस वेचून आलेल्या, ओच्यात अजून दोन बोंडं.

"बाई, हे तुमचं कंप्युटर उभं कुठं राह्यलंय?"

"म्हणजे?"

"बघतंय कुठून? गच्चीवरून?"

"हो, गच्चीवरूनच."

"आमच्या तुळशी गच्चीवर हायेत का?"

पार हसला. माझ्या शहरात लोक गच्चीवरून बघतात, कारण तिथून काही दिसेल अशी आशा तरी असते. इथे तुळस अंगणात, बाई तुळशीपाशी, नजर खालून वर. माझ्या सगळ्या रेघा दहा-बारा फूट उंचावरून निघाल्या होत्या. एवढं साधं मला सुचलं नव्हतं आणि मला फार लाज वाटली.

एकाने सुचवलं, "आता ग्रुप हाय की मोबाइलवर. दिवा लागला का टाकायचा मेसेज."

"मंग तुळस बी मोबाइलमधीच लाव," काकू म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

खरी मोजणी मग त्यांनी केली. दादा गच्चीवर चढला. वरच्या मजल्याच्या उंचीचे दोन बांबू उभे केले, त्यांच्यामध्ये लाल लुगडं ताणून बांधलं. दीपमाळेच्या टोकाला एक पितळी तांब्या पालथा घातला, उन्हात चमकावा म्हणून. आणि प्रत्येक घरची बाई आपापल्या तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. मी प्रत्येक अंगणातून फिरले. एकेक हाक येत होती.

"दिसंना!"

"निम्मा दिसतोय!"

"लुगडंच दिसून राह्यलंय नुसतं!"

तिसऱ्या अंगणात लुगड्याच्या मालकिणीने आणखी एक हरकत नोंदवली, की ते तिचं नवीन आहे आणि विचारून घेतलेलं नाही.

बारापैकी नऊ घरांना तांब्या दिसला नाही. माझे तीन, त्यांचे नऊ. तासाभरात निकाल, कुठलीही फी नाही, आणि ज्याचं नुकसान व्हायचं त्याला आधी विचारून. मी वीस वर्षं या धंद्यात आहे. कोणाच्या अंगणात उभं राहून काय दिसेनासं होणार आहे ते मी एकदाही बघितलेलं नाही.

दादा खाली उतरला. तोंड पडलेलं.

"बाबा, जाऊ द्या," शीतल म्हणाली. "मी जालन्याला जाते. दर ऐतवारी येत जाईन."

वहिनी आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज जरुरीपेक्षा मोठा येत होता. डॉक्टर गावात राहावी असं गल्लीलाही वाटत होतं, कारण रात्री-अपरात्री पोर तापलं तर घनसावंगी गाठावी लागते. पण नऊ तुळशींपुढे कोण काय बोलणार?

तेव्हा समोरचे नारायणअण्णा बोलले. अण्णांचं घर गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, मागे फक्त ओढा आणि ऊस. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात दोघंच म्हातारे.

"मह्या गच्चीवर बांध की," अण्णा म्हणाले. "मह्या मागं कोन हाय? ऊस. उसाला कामून दिवा दिसाया पायजे? दवाखाना तुह्या घरी, ऱ्हायला मह्या डोक्यावर. जिना भायेरून काढा. खर्चा तुहा."

लगेच बांबू अण्णांच्या गच्चीवर गेले. लुगडंही गेलं, मालकिणीच्या निषेधासह. बाराच्या बारा अंगणांतून हाक आली, "दिसतंय!" मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्याही. एकटीनेच वाजवल्या, कारण बाकीच्यांना पुढचा प्रश्न माहीत होता.

तो द्वारकाकाकूंनी विचारला. आवाज मात्र उतरलेला होता.

"संतोष, आजवर तुमी वरचं सोडलं म्हनून मान तुमच्या घरी. आता तुमी तुमचं वरचं वापरून राह्यले. अण्णाच्या घरावर वापरा, का कुठं बी वापरा. सोडलं कोनी? अण्णानं. मंग बुधली कोनाची?"

मी हादरले. आमच्याकडेही हाच नियम आहे. हवेचा कागद एकदा वापरला की रद्द होतो. तो वापरायचा आणि पुन्हा जपूनही ठेवायचा, हे चालत नाही. एवढंच समजावायला आम्ही अशिलांना चार-चार बैठका घेतो.

दादाच्या घरात ती बुधली किती पिढ्या आहे ते कोणालाच सांगता येत नाही. मामा गेले त्या वर्षी सुतक होतं, म्हणून दिवा दुसऱ्याने लावला, तेव्हाही दादा शिडी धरून उभा होता.

"अण्णा, ऱ्हाऊ द्या तुमची गच्ची," शीतलच म्हणाली. "मला जालन्याला चांगली नोकरी हाय."

"तू गप," दादा म्हणाला. "तू हितंच बसायचं." मग काकूंकडे बघून, "बराबर हाय तुमचं. बुधली अण्णाची."

"आन् त्या सळया?" काकूंनी गच्चीकडे बोट केलं.

"कापतो. उद्याच."

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा. सकाळी घरात कटरचा आवाज नको म्हणून मी जांब समर्थला निघून गेले. जीप मिळते, फार थांबावं लागत नाही. समर्थ रामदासांचं जन्मस्थान, देऊळ स्वच्छ, गर्दी बेताची, प्रसादाचं जेवण असेल तर नाही म्हणू नका. ओवरीत अर्धा तास बसून राहिले. देवाकडे काही मागायचं सुचेना. दादाचं काम मी करून द्यायला आले होते, आणि ते झालं होतं, आणि मला बिलकुल बरं वाटत नव्हतं.

परत आले तेव्हा गच्ची सपाट झाली होती. बारा सळयांचे बारा गोल ठिपके, त्यांवर सिमेंटचं बोट फिरवलेलं. कापलेले तुकडे वहिनींनी आधीच वेलीच्या मांडवाला लावले होते. या बाईंच्या हाती पुणं दिलं पाहिजे.

सूर्य कलला तशी गल्ली जमायला लागली. दादाने आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं, देवघरातून बुधली आणली, फडक्याने पुसली. पुसलेलीच होती, तरी परत पुसली. अण्णांच्या हातात देताना तो म्हणाला, "तोंडापशी जरा गळतीया. अंगठा लावून धरत जावा."

अण्णा एकेक पायरी जपत शिडी चढले. खाली शिडी दादाने धरली होती. अण्णांनी वरच्या दिव्यात तेल ओतलं, वात लावली. वाऱ्याने एकदा विझली. दुसऱ्यांदा लागली.

आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक तुळस उजळत गेली. कोणी ओरडलं नाही, कोणी सांगितलं नाही. सगळ्यात शेवटी द्वारकाकाकूंची. मी दादाकडे बघितलं. तो शिडी धरून रडत होता. लपवतही नव्हता. शीतल जाऊन त्याच्या शेजारी शिडीला हात लावून उभी राहिली. मीही रडले, आणि वर तेल डोळ्यांत गेलं म्हणून खोटं बोलले.

चौथ्या दिवशी वहिनींनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. शीतलने जालन्याला नाही म्हणून कळवून टाकलं. निघताना द्वारकाकाकूंनी मला फाट्यापर्यंत सोबत केली.

"बाई, तुमी ऱ्हाता तिथं तुमच्या मागं कोन हाय?"

"मागे म्हणजे?"

"घराच्या मागं. ऊस हाय का मानसं?"

मी म्हणाले, माणसं. एक जुनी चार मजली इमारत आहे. त्यांनी मान हलवली. जीप आली.

परतीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कंबर पुन्हा अहिल्यानगरलाच बोलली. घरी पोचले, बॅग टाकली, धपाट्याचा शेवटचा तुकडा खाल्ला. मग बाल्कनीत गेले आणि पहिल्यांदाच खाली, मागे बघितलं.

आमचा टॉवर चौदा मजल्यांचा. त्यातले चार मजले पेठेतल्या एका लाकडी इमारतीच्या डोक्यावरून मीच आणलेले. ती फाइल चांगली झाली होती. जुनी इमारत वाचली, तिच्या मालकाचं भलं झालं, बिल्डर खूश, मला फ्लॅट. या सगळ्यात मागच्या त्या चार मजली इमारतीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या चटणीचा डबा घेतला आणि मागच्या इमारतीत गेले. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर एक बेल वाजवली. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. मी समोरच्या टॉवरमध्ये राहते, असं सांगितलं. त्यांनी आत घेतलं, चहा ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीची कुंडी होती, खुरटलेली. मी खिडकीशी उभी राहिले आणि त्यांना विचारलं, आमचा टॉवर व्हायच्या आधी इथून काय दिसायचं?

"पर्वती," त्या म्हणाल्या. "देवळातला दिवासुद्धा."

"आणि आता?"

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली.

"आता तुमच्या बाल्कनीतली कपड्यांची दोरी. हिरवी चादर चार दिवस तशीच होती. गावाला गेला होतात ना?"